पर्वरी-म्हापसा रोडवरची कुपावाली मावशी: टुना घ्यायचा तर हिच्याकडून घ्या

गोव्यात टुना म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात, मांस काळपट, वास येतो, इसवण (सुरमई) सोडून हे कोण खाणार वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. कुपा, म्हणजे आपल्याकडचा टुना, चांगला लागणार की नाही हे तो पकडल्यावर त्याचं काय केलं त्यावर ठरतं, म्हणून तो कुणाकडून घेता याला फार महत्त्व आहे. पर्वरीहून म्हापशाकडे जाताना रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री बांधून एक मावशी बसते, टपात बर्फ आणि बर्फात अख्खे कुपे. तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ती मासा तुमच्यासमोर साफ करते. आधीच तुकडे करून ठेवलेला टुना मी घेतच नाही, कधीचा आहे, बर्फाबाहेर किती वेळ होता, कळायला मार्गच नसतो. इथे तुम्ही मासा निवडायचा, मावशी विळीवर बसते आणि पोट उघडलं की आत काय आहे ते स्वतःच दाखवते. परवा दोन-अडीच किलोचा घेतला. जठर चिरलं तर आत बोटाएवढ्या बारीक मासळीचा लगदा, त्यातल्या काही अजून डोळ्यांसकट अख्ख्या, आणि एक माणकी (स्क्विड), अंग जवळजवळ विरघळलेलं पण काळी चोच जशीच्या तशी. मावशी म्हणाली, "हे बघ बाबा, जाळ्यात सापडायच्या जरा आधीच खाल्लंय यानं, नाहीतर एवढं उरलं नसतं." आणि ते बरोबर आहे, टुनाचं पचन जबरदस्त फास्ट, साधारण दहा-बारा तासांत जठर रिकामं होतं, फक्त माणकीची चोच कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतो तशा टणक पदार्थाची असल्यामुळे मागे राहते.

मला या माशाच्या खाण्यात खूप इंटरेस्ट आहे. टुना चावत नाही, अख्खं गिळतो. थांबून श्वास घेता येत नाही, तोंड उघडं ठेवून सतत पोहावं लागतं तेव्हा कल्ल्यांना पाणी मिळतं, वर रक्तवाहिन्यांचं असं जाळं असतं की स्नायू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम राहतात. एवढा खर्च असल्यावर खाणंही तसंच लागणार, मग समोर येईल ते, तारले, छोटे बांगडे, माणकी, खेकड्यांची पिल्लं, झिंगे. आवडनिवड फार नाही, म्हणून तर शास्त्रज्ञ टुनाचं पोट तपासून त्या भागातल्या समुद्रात काय चाललंय याचा अंदाज घेतात. शिकार मुख्यतः डोळ्यांनी, म्हणजे उजेडात.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर खालचं कमी ऑक्सिजनवालं पाणी किनाऱ्याजवळ वर येतं, दोनापावलाच्या एनआयओवाल्यांनी (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) कांदोळीसमोरच्या समुद्रात हे वर्षानुवर्षं मोजलंय. त्याच पाण्याबरोबर समुद्राचं खत, म्हणजे पोषक क्षारही वर येतात, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं, त्यावर तारले-बांगडे, आणि त्यांच्यामागे कुपे. पण टुनाला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे त्याला वरच्या थरातच शिकार करावी लागते.

मावशीकडे जास्त करून किनाऱ्यालगतचा छोटा कुपा असतो, पाठीवर वाकड्यातिकड्या रेघा आणि छातीच्या पराखाली काळे ठिपके, हा फार खोल समुद्रात जात नाही. कधीकधी पिवळ्या परांचा मोठा येतो, तो लांबचा प्रवासी. पोटावर आडव्या पट्ट्या असलेला तिसरा, त्याच्या कल्ल्यांत गाळणीसारखे काटे ५३ ते ६३ असतात, पिवळ्या परांच्यात २६ ते ३४, म्हणून पट्टेवाला अगदी बारीकसारीक जीवही गाळून खाऊ शकतो. मावशीला तिन्ही लांबूनच ओळखता येतात आणि विचारलं की न कंटाळता सांगते. एकाच्या नावाखाली दुसरा खपवत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

बर्फ हा खरा मुद्दा. टुनाचं अंग गरम, पकडल्यावर लगेच थंड केला नाही तर मांसात हिस्टामिन नावाचा ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ तयार होतो, आणि तो कितीही शिजवलं तरी जात नाही, मग अंगावर पुरळ, डोकं ठणकणं. दुसऱ्या एका ठिकाणी घेतलेला कुपा खाऊन आमच्या घरी हे झालंय. इथे कल्ले लालभडक, डोळे चमकदार, मांस दाबलं की परत वर येतं. पाहिजे तर लाल भाग वेगळा काढून देते, मी तो ठेवतो, तिरफळं आणि सोलं घालून झणझणीत केला की बेस्ट.

मोठा टुना मिळाला तरी गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी छोटाच घ्या. अन्नसाखळीत वरचा मासा, वर्षानुवर्षं खातो तसा पारा साठत जातो, मोठ्यात जास्त.

तक्रारी आहेत. पिशव्या एकदम पातळ, घरी जाईपर्यंत रक्त गळतं, घरून डबा न्या. फोनवरून पैसे घेत नाही, सुट्टे ठेवा. गर्दी असली की साफ करायला अर्धा तास जातो आणि मध्ये कुणी ओळखीचं आलं की नंबर मागे जातो, हे मात्र तिने बदलायला हवं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा ती बसतच नाही. ऑगस्ट संपता संपता चक्कर मारा, सकाळी नऊच्या आत.