ग्लुटेन-फ्री ऑल पर्पज पीठ, आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बायकोला सिलियाक निघाला, ग्लुटेनने (गहू-जवातलं चिकाटी देणारं प्रथिन) आतड्याला इजा होते तो आजार, म्हणजे गहू, मैदा, रवा, जव सगळं आयुष्यभर बंद, आणि तिला दुःख कशाचं तर पोळीचं नाही (भाकरी काय, कोथरूडच्या आमच्या घरात तशीही रोज होते), चहाबरोबरच्या खारी-टोस्टचं. म्हणून ऑनलाइन एक किलोचं पाकीट मागवलं. त्यावर लिहिलेलं, मैद्याच्या जागी तेवढंच घाला. हे अर्धंच खरं आहे.

नानकटाईला एकदम खरं. तिला तशीही ग्लुटेनची चिकाटी नकोच असते, भुसभुशीतच हवी, फक्त गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर तूप वितळून सगळ्या पसरून एकमेकींना चिकटतात. केक पण चांगला होतो, पण पहिले दोन-तीन दाताखाली कचकच लागले, बारीक वाळू असल्यासारखे. पिठात तांदूळ जास्त आणि तांदूळ पाणी सावकाश पितो, हे नंतर डोक्यात आलं. आता मिश्रण कालवून अर्धा तास झाकून ठेवतो, बेकिंग पावडर शेवटी घालतो आणि मग १८० डिग्रीला लावतो, कचकच गेली. आणि वाटीने मोजू नका, वजनकाटा घ्या, हे पीठ वाटीत कधी दाबून बसतं कधी नाही.

ब्रेडला मात्र ते वाक्य साफ खोटं. पहिला ब्रेड सुरीने कापेना, आईने तो खलबत्त्यात कुटून कटलेटला लावला. दुसरा मस्त फुगला आणि बाहेर काढल्यावर मधोमध खाली बसला. तेव्हा आई म्हणाली, अरे ज्वारीला चिकाटी नसते म्हणून आपण आधणाचं पाणी घालतो ना, मग तू ह्यात गार पाणी का ओततोस? आठ महिन्यांतला सगळ्यात कामाचा सल्ला हा, आणि यूट्यूबवर मी रात्र रात्र जागत होतो!

तर आता ४०० ग्रॅम पिठातलं ५० ग्रॅम काढून त्याची पाण्यात उकड काढतो, २० ग्रॅम इसबगोल वेगळं भिजवतो, ते जेलीसारखं झालं की सगळं एकत्र. उकडीचं, इसबगोलाचं धरून एकूण पाणी जवळजवळ पिठाइतकंच. मळायचं काही नाही, मळून ताणायला ग्लुटेन आहेच कुठे, चमच्याने ढवळून टिनमध्ये घालायचं, ओल्या हाताने वरून सारखं करायचं आणि एकदाच फुगवायचं. एप्रिलात पाऊण तासात फुगतं, जानेवारीत दोन तास लागले. आत थर्मामीटर खुपसून ९७ डिग्री आलं की झाला. आणि गरम असताना कापू नका, आत चिकट लगदा निघतो. मी चारदा कापलाय, वास सुटल्यावर राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी कडक होतो, त्याला इलाज नाही, स्लाइस करून फ्रीजरमध्ये टाका.

कंपनी बदलताना मागची बारीक अक्षरं वाचा. पहिल्या पाकिटात झँथन गम (ग्लुटेनऐवजी चिकटपणा आणणारी पावडर) नव्हता म्हणून मी वेगळा घालायचो, दुसऱ्यात होता, मी सवयीने परत घातला आणि केकचा रबर झाला. आता रविवार पेठेतून स्टार्च आणून घरीच मिश्रण करतो, निम्मं बारीक तांदळाचं पीठ, ३० टक्के बटाट्याचा स्टार्च, २० टक्के टॅपिओका, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात तो स्टार्च. स्टार्चच घ्या, बटाट्याचं पीठ ही वेगळी वस्तू आहे, त्याने गिचका होतो.

सिलियाकवाल्यांनी आणखी एक बघा. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे, पाकीट त्यात बसेलही, पण गव्हानंतर लगेच ज्वारी दळणारी गिरणी, जुनी चाळणी, पोळपाट, ह्यांचं काय? आम्ही घरघंटी घेतली. आणि डबीतला हिंग! त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. महिनाभर आम्ही बिनगव्हाचा केक खाऊन वर तोच हिंग घातलेली आमटी ओरपत होतो.

टोस्ट जमला, कालचेच स्लाइस मंद आचेवर सुकवायचे, बायको खूश. खारी तीनदा केली, पदर सुटायच्या आधीच फाटतात. तिसऱ्या घाण्याला बायको म्हणाली, शंकरपाळी म्हण आणि दे इकडे.