पन्नास रुपयांच्या लेट फीपायी

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो आणि घरूनच अकाउंट्स व जीएसटीची कामं करतो. वीसेक क्लायंट आहेत, बहुतेक छोटे दुकानदार, दोन-तीन कारखानेवाले. ओटीपी कोणाला सांगू नका, हे वाक्य मी त्यांना दिवसातून चारदा ऐकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हा प्रकार सांगितला त्याने "काका, तुम्हाला एवढंही कळलं नाही?" असंच विचारलं. कळत होतं. तरी ५३,४९९ रुपये गेले.

२०२५ चा ऑगस्ट. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचं मासिक अपडेट निघतं, आपल्याकडे ते मंगळवारी रात्री नाहीतर बुधवारी पोचतं. मशीन तेरा तारखेपासून रिस्टार्ट मागत होतं आणि मी रोज "नंतर" दाबत होतो. एकोणीसच्या रात्री झोपेच्या भरात "अपडेट करा आणि बंद करा" दाबलं. वीस तारीख ही थ्री-बीची, म्हणजे दरमहा भरायच्या जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख. जीएसटीचं काम करणारा माणूस एकोणीसच्या रात्री मशीनला हात लावू देत नाही, आणि मी तो स्वतःच लावला.

वीसला संध्याकाळपर्यंत सगळी रिटर्नं गेली. एकच राहिलं, हिंगण्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेडचं. त्यांचं आम्ही पहिल्यापासून डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीने भरतो. सही डोंगलमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबीच्या कांडीत असते. डोंगल खरं तर ज्याचं त्याने स्वतःजवळ ठेवायचं, पण ते कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: हिशेब लिहिणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, रबर बँडला चिठ्ठी अडकवून. माझ्याकडेही तसंच होतं. ते लावलं तर त्याचा दिवा लुकलुकला, पण सहीच्या यादीत नाव येईना. पोर्ट बदलला, रिस्टार्ट केलं, दुसरा ब्राउझर घेतला. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर स्मार्ट कार्ड रीडरच्या ओळीवर पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह. ड्रायव्हर, म्हणजे मशीनला डोंगल ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, बिघडलाय इतकं समजलं. "रोल बॅक ड्रायव्हर"चं बटण पुसट झालेलं होतं, ते दाबलंच जाईना. घड्याळात साडेसहा वाजले होते.

आता माझी चूक. डोंगलच्या कंपनीचं नाव आणि पुढे "कस्टमर केअर नंबर" असं मी सर्च केलं. सगळ्यात वर एक टोल फ्री नंबर आला. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात प्रायोजित असं लिहिलं होतं, म्हणजे ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती. वर आहे म्हणजे खरा असणार, असं मी धरून चाललो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाटी बघूनही मी दुकानात शिरत नाही, आधी दोन जणांना विचारतो. इथे मात्र थेट फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. हिंदी अगदी साफ, आवाजात घाई नाही. "सर, आज बीस तारीख है, सुबह से यही कॉल आ रहे हैं." या एका वाक्याने मी त्याचा झालो. आज वीस तारीख आहे हे ज्याला माहीत तो आपल्यातलाच, असं वाटलं. त्याने एक रिमोटचं ॲप घ्यायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारला, मी वाचून दाखवला, आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण माझ्या हाताशिवाय फिरायला लागला. काही वर्षांपूर्वी कंपनीचा इंजिनिअर असाच दुरून काम करून गेला होता, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. हे ॲप मुळात चांगल्याच कामासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे अँटिव्हायरसही त्याला हटकत नाही.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली खाली यादी संपेचना. "सर, ये सब आपके सिस्टम में घुसे हुए हैं." मग काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं. भराभर ओळी गेल्या आणि शेवटी ८८८ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर दिसला. "ये आपका लाइसन्स आयडी है, देख लीजिए, किसी और के हाथ में है." मी कागदावर तो नंबर लिहूनही घेतला! वर त्याने आठवण करून दिली, "पिछले साल पूरी दुनिया के कम्प्युटर नीले पड़ गए थे, याद है ना सर?" याद होतं. १९ जुलै २०२४. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते.

या तिन्ही गोष्टी मी नंतर नीट समजून घेतल्या. इव्हेंट व्ह्यूअर ही मशीनची रोजनिशी आहे. प्रिंटर क्षणभर सापडला नाही, एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, तरी तिथे लाल नोंद पडते. ठणठणीत मशीनमध्येही अशा शेकडो नोंदी निघतात. ८८८ वाला नंबर माझा लायसन्स वगैरे काही नव्हता. फाइल झिप फोल्डरकडे पाठवायची जी सोय विंडोजमध्ये असते, तिचा तो ओळखक्रमांक, आणि तो सगळीकडे एकच. माझा कागद माझ्या भाच्याने त्याच्या लॅपटॉपशेजारी धरला तेव्हा एकेक आकडा आणि एकेक अक्षर जुळलं. त्या वेळी मला पैशांपेक्षा जास्त लाज त्या कागदाची वाटली. आणि २०२४ चा निळा पडदा कोणी घुसल्यामुळे आला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बंद पडली होती, आणि सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली की मशीन सुरू होत होतं. खऱ्या घटनेला खोटा अर्थ चिकटवायचा, याला अक्कल लागते. त्या माणसाकडे ती होती.

तर, "लाइफटाइम ड्रायव्हर सपोर्ट"चे ४,९९९ रुपये. क्यूआर आला, मी भरले. मनात हिशेब असा केला की लेट फी लागेल, क्लायंट नाराज होईल, त्यापेक्षा बरे. मी, जो लोकांची लेट फी काढून देतो! दिवसाला पन्नास रुपये, २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. वर भरायच्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. त्या रिटर्नात रोखीने भरायचा कर सोळा हजारांच्या आत होता. एक दिवस उशीर झाला असता तर सगळं मिळून साठ रुपयेही पडले नसते. हा हिशेब मला झोपेत विचारला तरी मी सांगतो. त्या संध्याकाळी मात्र तो केलाच नाही.

पाऊण तास त्याने इकडे तिकडे क्लिक केलं. डोंगल काही चाललं नाही. मध्ये "टेस्ट करतो" म्हणून मला डोंगलचा पासवर्ड टाकायला लावला, तो मी त्याच्या डोळ्यांदेखत टाकला. आठ वाजत आले तसा माझा आवाज चढला. मी म्हटलं, काम होत नाही तर पैसे परत कर. तो लगेच, जराही न चिडता, "बिल्कुल सर, आपका हक है" म्हणाला. मी विरघळलो. खरा धंदेवाला असल्याशिवाय कोणी पैसे परत द्यायला तयार होतं का?

इथूनच खरी लूट झाली. ४,९९९ हा फक्त बयाणा होता. रिफंड थेट खात्यात टाकतो, नेट बँकिंग उघडून ठेवा, म्हणाला. मी उघडलं. स्क्रीन काळी झाली, मधोमध एक गोल फिरायला लागला. "रिफंड प्रोसेस हो रहा है, माउस मत हिलाइए." मोबाइलवर आकडे आले. "रिफंड कोड बताइए." सांगितला. पुन्हा आले, पुन्हा सांगितले. दुसऱ्या मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की नवीन खातं जोडण्यासाठी हा ओटीपी आहे, कोणालाही देऊ नका. मी आकडे वाचले, वाक्य वाचलं नाही. चष्मा कपाळावर होता, हे कारण मी बायकोला दिलं. ते खरं नाही. चष्मा नाकावरच होता.

४८,५०० गेल्याचा मेसेज आला. पन्नास हजारांच्या आतला आकडा का, तेही नंतर कळलं: नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी माझ्या बँकेत तेवढीच मर्यादा आहे. त्याला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

मी ओरडलो तशी ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने काय केलं, तर वायफायच्या राउटरचा प्लगच उपसला. त्या सगळ्या संध्याकाळी घरात झालेलं शहाणपणाचं काम तेवढंच. तिनेच १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली, चौथ्या प्रयत्नाला लागला. खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारला. तो नंबर बँकेच्या मेसेजमध्येच असतो, तो हाताशी ठेवून फोन करा, नाहीतर शोधण्यात वेळ जातो. शासनाच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार टाकली. पैसे गेल्यापासून फोन लागेपर्यंत पस्तीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात ते पैसे पहिल्या खात्यातून पुढे गेले होते, ११,२०० तेवढे एका खात्यात अडकवता आले. तेही आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला.

बँकेत दुसऱ्या दिवशी गेलो. अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ओटीपी तुम्हीच दिलाय ना?" रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मला माहीत होतं, मी तेच काढून बसलो. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे त्यात आहे. पण ते चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकरणात. गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, हेही त्यातच आहे. बाईंनी तो परिच्छेद बोट ठेवून दाखवला. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

खरा कठीण फोन मात्र बँकेचा नव्हता, हिंगण्याचा होता. पैसे माझे गेले, पण डोंगलमधली सही त्यांची होती, आणि तिचा पासवर्ड त्या माणसाने बघितला होता. मी दोनदा नंबर लावून कापला. मग सांगितलं. मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, रात्रीच काऊन नाही सांगितलं?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सही रद्द करून घेतली, नव्या सहीसाठी त्याला पुन्हा व्हिडिओवर ओळख पटवावी लागली. त्याचा खर्च मी दिला. त्याचं नवं डोंगल आता त्याच्याच टेबलावर असतं. बाकीच्यांची डोंगलंही मी पाकिटात घालून ज्याची त्याला परत केली. काहींना ते आवडलेलं नाही.

बिघाडाचं काय झालं? भाचा २१ ला सकाळी त्रिमूर्तीनगरहून आला. आधी रिमोटचं ॲप काढलं, दुसऱ्या मोबाइलवरून माझे सगळे पासवर्ड बदलायला लावले, आणि मशीन नेटला न जोडता डिव्हाइस मॅनेजर उघडला. "मामा, तुम्ही काय करून राहिले होते पाऊण तास?" अपडेटसोबत सिस्टीमने डोंगलला स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावला होता, आणि डोंगलच्या कंपनीचा जुना ड्रायव्हर, जो मी चार वर्षं बदलला नव्हता, त्याच्याशी तो जुळत नव्हता. रोल बॅकचं बटण पुसट असतं तेव्हा परत जायला आधीचा ड्रायव्हरच शिल्लक नसतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याने कंट्रोल पॅनेलमधून डोंगलचं जुनं सॉफ्टवेअर काढलं, पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक करून डिव्हाइस काढून टाकलं, डोंगल उपसून मशीन रिस्टार्ट केलं आणि मग पुन्हा लावलं.

"आता नवीन ड्रायव्हर कुठून आणायचा?" मी विचारलं.

त्याने "धिस पीसी" उघडून दाखवलं. डोंगल लावलं की तिथे सीडी ड्राइव्हसारखं एक चिन्ह येतं, ते मी चार वर्षं बघत होतो. आत सेटअपची फाइल होती. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली, त्रिकोण गेला, सहीच्या यादीत नाव आलं. वीस मिनिटं लागली. ती सही आता रद्दच व्हायची होती, म्हणून आम्ही ती वापरली नाही, फक्त बघितली.

जाताना त्याने अपडेट पुढे ढकलायची सोय दाखवून ठेवली, एकेक आठवडा करत पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. आता मी आठ तारखेला थांबवतो आणि एकवीसला सोडतो. कायमची बंद ठेवू नका असं त्याने बजावलंय, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. आणि कंपनीचा नंबर बिलावर, खोक्यावर नाहीतर मशीनच्या खालच्या स्टिकरवर बघायचा. माझ्या डोंगलच्या खोक्यावर तो छापलेला होता. खोकं माळ्यावर होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मारबत निघाली, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडा-पिडा घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक. मी दरवर्षी जातो, यंदा मन नव्हतं, भाच्याने ओढून नेलं. गर्दीत पिवळी मारबत पुढे सरकली तसा बाजूचा एक म्हातारा "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणाला, आणि भाचा माझ्याकडे न बघता जोरात ओरडला, "कस्टमर केअर घेऊन जा गे मारबत!" मागची दोन पोरं हसली आणि त्यांनीही तेच सुरू केलं. मग मीही ओरडलो.