घरची चॉकलेट हेझलनट आइस्ड कॉफी: न्यूटेला, सिरप, प्रिमिक्स की स्वतः वाटलेले हेझलनट?

आधी निकालच सांगून टाकते कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. घरी चॉकलेट हेझलनट आइस्ड कॉफी करायची असेल तर पैसे आधी कॉफीवर घाला, हेझलनटवर नंतर. कॅफेत अडीचशे-तीनशे रुपये देऊन जो ग्लास येतो त्यात खाली कडक एस्प्रेसो असतो, म्हणून वरचं चॉकलेट, दूध, बर्फ सगळं तोललं जातं. घरी आपण एक चमचा इन्स्टंट कॉफी, भरपूर दूध आणि दोन चमचे न्यूटेला मिक्सरमधून फिरवतो आणि मग म्हणतो कॅफेसारखी का लागत नाही. लागणार कशी, ते थंड चॉकलेट दूध झालं ना, कॉफी त्यात नुसती रंगाला आहे.

थंड पदार्थाची गोड चव आणि वास दोन्ही जिभेला कमी जाणवतात, त्यात बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून आइस्ड कॉफीचा बेस गरम पिताना जास्तच कडू वाटेल इतका असायला हवा. तो तसा नुसता चाखून बघितलात आणि तोंड वाकडं झालं तर समजा बरोबर जमलाय.

आता कॉफी कुठली. नेसकॅफे क्लासिक ही पूर्ण कॉफी, ब्रू आणि सनराइज यात चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली असते, आणि खरं सांगायचं तर या ड्रिंकला चिकोरी अजिबात वाईट नाही, उलट तिचा दाटपणा आणि तो जळकट कडवटपणा चॉकलेटबरोबर छान बसतो. इन्स्टंट वापरणार असाल तर एका मोठ्या ग्लासला दोन चांगले भरलेले चमचे आणि फक्त ५०-६० मिली गरम पाणी, याहून जास्त पाणी घालू नका. चालतं, आणि रोज सकाळी ऑफिसला निघायची घाई असेल तर हेच करा. पण माझी पहिली पसंती स्टीलच्या साऊथ इंडियन फिल्टरला. बऱ्याच घरांत असतो, नसला तर भांड्यांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, वीज नको, मशीन नको. पावडर मी माटुंग्याच्या म्हैसूर कन्सर्न्समधून आणते, तिथे कॉफी भाजून दळून देतात आणि चिकोरी किती हवी ते सांगता येतं. मी ८० कॉफी २० चिकोरी घेते. वरच्या भांड्यात तीन भरगच्च चमचे, हलकं दाबून, त्यावर उकळी येऊन जरा थांबलेलं साधारण १०० मिली पाणी, आणि मग अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. खाली जे काळंभोर डिकॉक्शन उतरतं त्यातलं ६० मिली एका ग्लासला पुरे.

मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कडक कॉफी काढायचं भांडं, असेल तर तो तर उत्तमच. या पेयाशी त्याचं गावभावकीचं नातं पण आहे, आल्फोन्सो बियालेत्तीचा मोका पॉट १९३३ सालचा, इटलीतल्या पिएमाँतेचा, आणि न्यूटेला बनवणारी फेरेरो कंपनी त्याच पिएमाँतेतल्या आल्बा गावची. हेझलनट आणि चॉकलेट एकत्र करायची पद्धत तिथलीच, नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे कोको महाग आणि दुर्मिळ झाला तेव्हा तोरिनोच्या चॉकलेटवाल्यांनी आसपास मुबलक पिकणारे हेझलनट वाटून त्यात भर घातली असं सांगतात, त्याला जांदुया म्हणतात. फेरेरोने १९४६ मध्ये त्याचीच वडी काढली, १९५१ मध्ये पसरवता येणारं क्रीम, आणि १९६४ मध्ये न्यूटेला या नावाने बरणी. (त्याच फेरेरोचा कारखाना आपल्या बारामतीत आहे, किंडर जॉय तिथे बनतं, हे पुण्याकडच्या लोकांना नवीन नाही.)

तर न्यूटेला. चव लाडकी आहे, वाद नाही. पण बरणी उलटी करून मागचं वाचा. यादीत पहिलं नाव साखर, दुसरं पाम तेल, हेझलनट १३ टक्के. आता एक मोठा चमचा म्हणजे साधारण २० ग्राम धरा, त्यात ११ ग्रामच्या आसपास साखर आली आणि हेझलनट अडीच ग्राम, म्हणजे जेमतेम दोन-तीन दाणे. एवढ्यावर ३०० मिलीच्या ग्लासात हेझलनट जाणवेल ही अपेक्षाच चुकीची. जाणवतं ते चॉकलेट आणि गोडवा. म्हणून न्यूटेलाकडे मी या ड्रिंकपुरतं चॉकलेट सॉस म्हणून बघते आणि त्या कामाला ते फार चांगलं आहे, त्यातल्या लेसिथिनमुळे (तेल आणि पाणी एकत्र धरणारा घटक) गरम कॉफीत नीट मिसळतं, वरून साखर घालावी लागत नाही, दाटपणा मस्त येतो. फक्त एक नियम पाळायचा, ते गरम कॉफीतच विरघळवायचं. थंड दुधात टाकलंत तर त्यातलं तेल घट्ट होतं आणि मग कितीही फिरवा, तळाशी गोळे आणि ग्लासच्या कडेला तपकिरी कण. फिल्टरचं डिकॉक्शन अर्ध्या तासात कोमट झालेलं असतं, ते परत उकळू नका, चव जाते, वाटीसकट गरम पाण्यात ठेवा दोन-तीन मिनिटं आणि मग न्यूटेला घालून घुसळा. आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवू नका, दगड होतो.

हेझलनट सिरपमध्ये मोनिन वापरलंय, ही फ्रान्सच्या बूर्ज गावातली १९१२ पासूनची कंपनी, बऱ्याच कॅफेंच्या काउंटरवर याच बाटल्या रांगेत दिसतात, म्हणून ज्यांना 'कॅफेसारखीच' चव हवी त्यांना इथे लगेच ओळख पटेल. थंडात सहज मिसळतं ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. कोल्ड ब्रू करणाऱ्यांनी तर सरळ सिरपच घ्यावं, कारण रात्रभर गार पाण्यात मुरलेल्या कॉफीत न्यूटेला विरघळणार नाही आणि कोल्ड ब्रू परत गरम करण्यात काही अर्थ नाही. पण सिरपमध्ये वास आहे, अंग नाही. हेझलनटचं तेल, तो भाजका दाटपणा जिभेवर राहत नाही, घोट गिळला की वास पण गेला. शिवाय ते मुळात साखरेचं पाणीच आहे, दोन चमच्यांच्या पुढे गेलात की कॉफी मागे पडते. मी १० मिलीच्या वर जात नाही आणि सोबत एक चमचा कोको घालते. मोठी बाटली घ्यायची घाई करू नका, छोटी मिळते ती आधी आणा.

प्रिमिक्सची पाकिटंही घरात आली होती, नाव लिहित नाही कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीये. 'चॉकलेट हेझलनट' असं मोठ्या अक्षरात, सोनेरी पाकीट, आत घटकांमध्ये साखर पहिली, मग दूध पावडर, आणि हेझलनट म्हणजे फक्त फ्लेवर. गार दुधात घातल्यावर पावडर वर तरंगत राहिली, चव गोड, कॉफी शोधावी लागली. प्रवासात, होस्टेलवर जिथे गॅस नाही तिथे ठीक आहे, घरी स्वयंपाकघर असताना यावर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचंच असेल तर मागची यादी वाचून घ्या, त्यात हेझलनट हा शब्द टक्केवारीसकट दिसला पाहिजे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. अख्खे हेझलनट आणा आणि स्वतः वाटा. ड्रायफ्रूटच्या दुकानात मिळतात, मुंबईत मस्जिद बंदरला किंवा क्रॉफर्ड मार्केटला भाव बरा पडतो, ऑनलाइन तर कुठेही. जगातले बहुतेक हेझलनट तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठी पिकतात, तेव्हा आपल्याकडे ते येतात तेच मोठा प्रवास करून, म्हणून घ्यायच्या आधी एक दाणा चावून बघा, खवट लागला तर सोडून द्या, खवटपणा भाजून जात नाही, उलट वाढतो. १०० ग्राम पुरे सुरुवातीला.

कढईत मंद आचेवर १२-१५ मिनिटं सतत हलवत भाजा, सालं काळपट होऊन तडकली आणि घरभर वास सुटला की उतरवा. भाजणं टाळून चालणार नाही, कारण आपण ज्याला हेझलनटचा वास म्हणतो तो फिल्बरटोन नावाच्या घटकाचा, आणि कच्च्या दाण्यात तो अगदी नावाला असतो, भाजल्यावर कितीतरी पटींनी वाढतो. गरम असतानाच जाड पंच्यात बांधून खसाखसा चोळा, सालं निघतात. सगळी नाही निघाली तरी चालेल पण बरीच काढा, कडू-तुरट असतात. मग चटणीच्या भांड्यात घालून फिरवा. आधी दाण्याच्या कुटासारखं कोरडं होईल, मग भांड्याला चिकटेल, इथे बरेच जण थांबतात आणि पाणी घालतात. पाणी नको! मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्या, कडेचं चमच्याने खाली ओढा, परत फिरवा, असं करत करत एकदम तेल सुटतं आणि पातळ चकचकीत पेस्ट होते. त्यात दोन मोठे चमचे कोको, तीन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ. झालं. कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवली तर महिनाभर सहज टिकते, आणि हिच्यात पाम तेल नसल्यामुळे ती न्यूटेलाइतकी घट्ट पण होत नाही.

आता एका ग्लासचं प्रमाण. ६० मिली गरम डिकॉक्शन, त्यात ही हेझलनट पेस्ट एक मोठा चमचा आणि न्यूटेला एक छोटा चमचा, हो दोन्ही, कारण पेस्टमधून भाजका हेझलनट येतो आणि न्यूटेलातून तो गुळगुळीतपणा येतो जो घरच्या मिक्सरला शंभर टक्के कधी जमत नाही. ज्यांना न्यूटेला नकोच त्यांनी त्याजागी अर्धा चमचा साखर घ्या. बॅटरीवरचा फ्रॉदर (फेस काढायची छोटी रवी) असेल तर तो लावा, नाहीतर ताकाची छोटी लाकडी रवी, मला तर रवीच जास्त आवडते, पेस्ट तळाला चिकटलेली असते तीही ती उचलते. एकजीव झालं की हे मिश्रण पाच मिनिटं बाजूला ठेवून निवू द्या, थेट बर्फावर ओतलं की अर्धा बर्फ तिथेच संपतो. मग उंच ग्लासात काठोकाठ बर्फ, १२० मिली फ्रिजमधलं गार दूध, आणि वरून हे मिश्रण हळूहळू.

दूध फुल क्रीमच घ्या. अमूल गोल्डमध्ये ६ टक्के फॅट असतं, अमूल ताजामध्ये ३, आणि बर्फ वितळल्यावर हा फरक चांगलाच कळतो. म्हशीचं दूध घरी येत असेल तर तापवून गार करून साय काढा, नाहीतर सायीचे तुकडे स्ट्रॉमध्ये अडकतात. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी ओट मिल्क बघा, बदामाचं दूध मात्र मला इथे पटलं नाही, पातळ आहे आणि त्याची चव हेझलनटच्या वाटेत येते. उरलेलं डिकॉक्शन बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवा, मे महिन्यात दुपारी त्याच क्यूब्ज घालून केलेली कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पाणचट होत नाही, हे एवढं एक केलंत तरी फरक पडेल.

मार्क द्यायचे तर पाचपैकी घरच्या पेस्टला पाच, कष्ट धरूनसुद्धा. न्यूटेलाला साडेतीन, त्यातले दीड नुसत्या गुळगुळीतपणाचे. सिरपला तीन, कोल्ड ब्रूवाल्यांसाठी चार. प्रिमिक्सला एक. खर्चाचं म्हणाल तर १०० ग्राम हेझलनटमध्ये साताठ ग्लास आरामात होतात आणि कॅफेच्या दोन कॉफींच्या पैशात दाणे, कोको, साखर सगळं बसतं. मधुमेह असणाऱ्यांसाठी पण पेस्टचाच मार्ग बरा, साखर किती घालायची किंवा घालायचीच नाही हे आपल्या हातात राहतं. आणि घरी कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर मिक्सरचं भांडं नीट घासल्याशिवाय दुसऱ्या कशाला वापरू नका, पाहुण्यांना द्यायच्या आधी विचारून घ्या.

न्यूटेलाची बरणी संपत आली की कडेला जे लागलेलं असतं ते चमच्याने खरवडत बसू नका, त्यातच डिकॉक्शन ओता, कडकडीत नाही, बोट लावता येईल इतपत गरम, झाकण लावून जोरात हलवा, सगळी बरणी स्वच्छ होते. मग पूर्ण निवल्यावरच बर्फ आणि दूध घाला, गरम काचेत एकदम बर्फ टाकला तर बरणी तडकू शकते.