हर्पिसवरचं नवं औषध तपासताना: प्लाक मोजावेत, रंग मोजावा की डीएनए?

हर्पिस सिम्प्लेक्सवर एखाद-दुसराच रेणू तपासायचा असेल तर फार विचार करू नका, प्लाक मोजा. व्हेरो पेशींचा (माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) सलग थर, त्यावर बेताचा विषाणू, वरून औषध मिसळलेलं मिथाइलसेल्युलोज, म्हणजे विषाणूला दूर पसरू न देणारा दाट द्रव. दोन-तीन दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की जांभळ्या थरात पांढरी भोकं दिसतात, विषाणूने पेशी मारल्याच्या या खुणा म्हणजेच प्लाक. ती निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे ईसी५०. डोळ्यांना दिसतं म्हणून विश्वास बसतो. मोजणी मात्र कंटाळवाणी. हर्पिसच्याच कुळातल्या सायटोमेगॅलोव्हायरसचे प्लाक उमटायला तर आठवड्याहून अधिक थांबावं लागतं.

रेणू शेकड्यांनी असतील तर ९६ खळग्यांची प्लेट आणि न्यूट्रल रेड हा रंग. जिवंत पेशी रंग शोषतात, मेलेल्या नाही, आकडा यंत्र वाचतं. चाळणी म्हणून उत्तम. पण इथला ईसी५० प्लाकच्या ईसी५०शेजारी मांडू नका. पेशी किंवा विषाणूचं प्रमाण बदललं की अॅसायक्लोविर या हर्पिसवरच्या नेहमीच्या औषधाचासुद्धा आकडा सरकतो, म्हणून ते प्रत्येक प्लेटमध्ये सोबत हवंच.

विषाणूचा डीएनए किती झाला हे मोजणारं क्यूपीसीआर झटपट होतं, आणि त्याच कुळातल्या एबस्टाइन-बारसारख्या सहसा प्लाक न पाडणाऱ्या विषाणूसाठी सोयीचंही. मात्र खरी फसगत इथेच होते. अॅसायक्लोविर किंवा फॉस्कारनेट ही औषधं विषाणूचा डीएनए बनणंच रोखतात, त्यामुळे आकडा छान खाली येतो. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेलं सायटोमेगॅलोव्हायरसवरचं लेटरमोविर मात्र विषाणूच्या टर्मिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. डीएनए बनत राहतो, पण त्याची लांबलचक साखळी कापून कवचात भरली जात नाही. पेशीतला डीएनए मोजाल तर इतकं चांगलं औषध नापास ठरेल!

रेणू कुठल्या पायरीवर काम करतो हे ठाऊक नसेल तर मी उत्पादन-घट चाचणीच घेईन. औषधात वाढलेला विषाणू गोळा करायचा आणि ताज्या पेशींवर पुन्हा मोजायचा. कष्ट दुप्पट, पण संसर्ग करू शकणारे कण किती निघाले हे थेट कळतं.

चाचणी कोणतीही असो, पेशींना होणारी इजा त्याच पेशींवर, तितकेच दिवस मोजा, आणि विभाजन चालू असलेल्या पेशींवरही. भरलेल्या थरात वाढ खुंटवणारं औषध निरुपद्रवी भासतं. शिवाय थायमिडिन कायनेज, म्हणजे अॅसायक्लोविरला पेशीत जागं करणारं विषाणूचं विकर, गमावलेला, अॅसायक्लोविरला न जुमानणारा एखादा स्ट्रेन जवळ ठेवा. त्यावरही रेणू तितकाच चालला, तर त्याला जागं करायला त्या विकराची गरज नाही, हे एका प्लेटमध्ये समजतं.