खोक्यावरच्या ‘७.१’ला किती भुलायचं?

सराउंड म्हणून, म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतो असं सांगून, विकल्या जाणाऱ्या बहुतेक हेडफोनमध्ये ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) दोनच असतात. बाकी सारी करामत सॉफ्टवेअरची. यात फसवणूक नाही, कानही दोनच आहेत. पण तेच सॉफ्टवेअर साध्या स्टिरिओ हेडफोनवरही चालत असेल, तर ‘७.१’चे (म्हणजे सात स्पीकर आणि एक बासचा, या नावाचे) वेगळे पैसे कशाला मोजायचे?

उजवीकडचा आवाज डाव्या कानात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा पोचतो, शिवाय मधे डोकं आल्याने थोडा दबतो. डावं-उजवं आपल्याला यावरूनच कळतं. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं मात्र बाह्यकर्णाच्या घड्यांवर आपटून आवाज जसा बदलतो त्यावरून ओळखू येतं. सॉफ्टवेअर हे बदल आधीच आवाजात मिसळून ठेवतं, पण सरासरी कानाच्या मापाने. तुमचा कान त्या मापात बसला नाही, की समोरची पावलं पाठीमागे वाजू लागतात. एरवी अशी शंका आली की आपण नकळत मान वळवतो. इथे मात्र हेडफोनही मानेबरोबरच वळतो. सिनेमा पाहताना म्हणूनच हेड ट्रॅकिंगचा (मान वळेल तशी आवाजाची दिशा बदलण्याचा) खरा उपयोग होतो. गेममध्ये माऊसने नजर फिरवली की तेच काम होतं, तिथे त्याचं विशेष अडत नाही.

एकेका कपात चार-पाच ड्रायव्हर कोंबलेले ‘अस्सल’ सराउंड हेडफोनही मिळतात. ते सरळ टाळा. सगळे ड्रायव्हर कानापासून बोटभर अंतरावर, म्हणून दिशा धड कळत नाही. आकाराने लहान, म्हणून बास पोचट. आणि वजन मानेला.

आहे त्या हेडफोनवर आधी फुकटात करून पाहा. विंडोज १० किंवा ११ मध्ये साउंड सेटिंग्जमध्ये आपल्या हेडफोनवर जाऊन स्पेशियल साउंडमध्ये (Spatial sound) ‘विंडोज सॉनिक’ हे फुकट सराउंड निवडा. तेच काम करणाऱ्या डॉल्बी ॲटमॉसला पैसे पडतात. प्लेस्टेशन ५ चा थ्रीडी ऑडिओ कंट्रोलरला लावलेल्या साध्या वायरच्या हेडफोनवरही चालतो.

बिघडतं ते बहुधा एकाच कारणाने: प्रक्रिया दोनदा होते. गेमचा स्वतःचा एचआरटीएफ (कानामुळे होणारे ते बदल आवाजात मिसळण्याची सोय) चालू, त्यावर विंडोजचं सराउंड, वर हेडसेटच्या ॲपचं. मग आवाज बाथरूममधून आल्यासारखा घुमतो. तिन्हींपैकी एकच ठेवा. गेममध्ये सोय असेल तर गेमचंच. स्टिरिओ गाण्यांसाठी सगळंच बंद करा. मुळात दोनच चॅनेल असतील तर सॉफ्टवेअर मागचा आवाज आणणार कुठून? नुसता प्रतिध्वनी वाढतो आणि गायकाचा आवाज लांब जातो.

यूएसबी हेडसेटचं सराउंड पुष्कळदा कंपनीच्या ॲपवर किंवा यूएसबी डोंगलवर अवलंबून असतं. तोच हेडसेट ३.५ मिमी पिनने फोनला लावला, की उरतो साधा स्टिरिओ. क्लासिक, म्हणजे नेहमीच्या, ब्लूटूथची तऱ्हा आणखी वेगळी: माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते, आवाज मोनो (दोन्ही कानांत सारखाच) होतो, दिशा संपली. गेममध्ये बोलायचं असेल तर वायर किंवा २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस डोंगलच घ्या.

तरीही सराउंड हेडसेट घ्यायचाच असेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. डोळे मिटून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढचा-मागचा चॅनेल उलटसुलट क्रमाने दहा वेळा वाजवायला सांगा. पाच-सहाच बरोबर आले, तर तो निव्वळ अंदाज; हेडसेट परत करा आणि त्याच पैशात चांगला ओपन-बॅक (कपाची बाहेरची बाजू उघडी असलेला) स्टिरिओ घ्या. त्यातून आवाज बाहेर झिरपतो, तेव्हा खोलीत कुणी झोपलेलं असेल तर क्लोज्ड-बॅकच बरा.