१९४१चा सर्वोत्तम हिटर: डिमॅजिओ की विल्यम्स?

क्रिकेट बघत वाढलेला माणूस बेसबॉलकडे वळला की १९४१च्या हंगामापाशी हमखास अडकतो. न्यूयॉर्क यँकीजच्या ज्यो डिमॅजिओने त्या वर्षी सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट मारला, म्हणजे फटका मारून तो सुखरूप बेसवर (धावण्याच्या मार्गावरच्या टप्प्यावर) पोहोचला. बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने ०.४०६ची सरासरी गाठली. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये यातलं एकही काम त्यानंतर कुणाला जमलेलं नाही. मग मोठा कोण?

मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअरचा मान डिमॅजिओला मिळाला, २९१ विरुद्ध २५४ गुणांनी. पण तो मान खेळाडूच्या एकूण मोलाचा असतो. नुसत्या बॅटिंगचा विचार करायचा, तर माझं मत विल्यम्सला.

सरासरी म्हणजे अधिकृत अ‍ॅट-बॅटमागे (फलंदाजीच्या हिशेबात धरलेल्या पाळीमागे) किती हिट. विल्यम्सचे ४५६ अ‍ॅट-बॅटमध्ये १८५, डिमॅजिओचे ५४१मध्ये १९३. गंमत म्हणजे डिमॅजिओ ०.३५७वर अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे या दोघांच्या लीगमध्ये, तिसरा होता. वॉशिंग्टनचा सेसिल ट्रॅव्हिस ०.३५९ मारून त्याच्याही पुढे राहिला, आणि २१८ हिट्ससह हिट्सच्या यादीत तर पहिला. ट्रॅव्हिसचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खरा फरक मात्र सरासरीत दिसतच नाही. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार चेंडू कक्षेबाहेर टाकले आणि हिटरने बॅट आवरली, की त्याला फुकटात पहिला बेस मिळतो. हा वॉक सरासरीत धरत नाहीत. विल्यम्सने असे १४७ वॉक घेतले, डिमॅजिओने ७६. त्यामुळे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण विल्यम्सचं ०.५५३ आणि डिमॅजिओचं ०.४४०. विल्यम्स निम्म्याहून जास्त वेळा बाद न होता बेस गाठत होता! होम रनही (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव) त्याचे ३७, डिमॅजिओचे ३०.

डिमॅजिओची बाजू लंगडी नाही. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) अख्ख्या हंगामात फक्त १३, विल्यम्सचे २७. १२५ आरबीआयसह (आपल्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा) डिमॅजिओ लीगमध्ये पहिला. वर सेंटर फील्डमधलं (मैदानाच्या मागच्या मधल्या भागातलं) त्याचं क्षेत्ररक्षण, आणि यँकीजने रेड सॉक्सला तब्बल १७ सामन्यांनी मागे टाकून जिंकलेली लीग. मत देणाऱ्यांवर याचा प्रभाव पडणारच. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने त्याचे दोन जोरदार फटके अडवले, तेव्हाच सलग ५६ सामन्यांची ती मालिका तुटली. पण त्या ५६ सामन्यांत डिमॅजिओची सरासरी होती ०.४०८, आणि नेमक्या त्याच काळात विल्यम्सची ०.४१२.

तरीही मन डळमळत असेल, तर २८ सप्टेंबर बघा. शेवटचा दिवस, फिलाडेल्फियाचं शाइब पार्क, एकापाठोपाठ दोन सामने. विल्यम्सची सरासरी ०.३९९५५ होती, बाकावर बसला असता तरी तीन आकड्यांपर्यंतच्या नोंदीत तिचे ०.४०० झालेच असते. मॅनेजर ज्यो क्रोनिनने विश्रांतीची मुभाही दिली होती. तो दोन्ही सामने खेळला. पहिल्यात पाचपैकी चार हिट, त्यात एक होम रन. दुसऱ्यात तीनपैकी दोन. तेव्हा तो अवघ्या २३ वर्षांचा होता.

संघ बांधायला बसलात आणि सेंटर फील्ड रिकामं असेल, तर डिमॅजिओ घ्या, त्यात काही चूक नाही. हातात बॅट देऊन एकालाच पाठवायचं असेल, तर विल्यम्स.