अजून बाजारात न आलेल्या स्कूटरचं बुकिंग करताय? आधी हे वाचा

दसरा जवळ आला की कोल्हापुरात घरोघरी गाडी घ्यायचा विषय निघतो. नेमक्या तेव्हाच फेसबुकवर ‘लवकरच येत आहे’वाल्या जाहिराती सुरू होतात. त्यातल्याच एकीनं माझ्या धाकट्या भावाला दहा हजारांना गंडवलं.

तो कसबा बावड्याहून गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला जातो. पेट्रोल परवडत नाही म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर त्याच्या मनात होतीच. नामांकित कंपनीचं नाव, चिन्ह चोरून केलेलं ते पान. ४९९ रुपयांत बुकिंग, दसऱ्याला गाडी दारात. पण खरी मेख पुढंच होती. पैसे मागायच्या आधी त्याला रंग निवडायला लावला. मग नंबरप्लेटच्या जागी त्याचं नाव घातलेला स्कूटरचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. तो त्यानं घरात, कामावर, गल्लीत सगळ्यांना दाखवला. भावजयीनं मोरपंखी रंग पक्का केला. गाडी कुठंच नव्हती, तरी ती आमची झाली होती. त्यानंतरचे पैसे त्यानं भरले ते आपली गाडी हातची जाईल या धास्तीनं.

पानावर ‘फक्त ७ गाड्या शिल्लक’ असं सारखं झळकत होतं. अशी खोटी घाई दाखवायला केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला भुलवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत बंदी आहे. मग फोन आला, “दादा, नंबर लागला तुमचा. आरटीओ आणि विम्याचे साडेनऊ हजार आजच भरा, नाहीतर गाडी सांगलीच्या गिऱ्हाइकाला जाईल.”

हा फोन आला की समजा, फसवणूक आहे. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही आणि विमाही निघत नाही. जी गाडी विक्रीलाच आली नाही, तिचा चासी नंबर आणणार कुठून? यूपीआयवरही कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव दिसत होतं. पैसे गेले आणि फोन बंद झाला.

लोक म्हणाले, हाव नडली. हे ऐकलं की माझा संताप होतो. कष्टाच्या पगारातले चार पैसे वाचावेत, ही हाव? याच बोलण्याच्या भीतीनं तो गप्प राहिला, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत पांगले.

असं झालं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढं वळवण्याआधी कळलं तर खात्यातली रक्कम गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर मिळणारा व्यवहार क्रमांक), स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा, रागानं काही डिलीट करू नका. आणि खऱ्या कंपनीनंच बुकिंगची रक्कम अडकवून ठेवली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.